पाटीवरचं अक्षर

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण. स्मरणिकेसाठी थोडे आटोपशीर करून दिले आहे.)



संयोजकांनी मला सांगितलं, तुझ्या धंद्याबद्दल वीस मिनिटं बोल. इथे डॉक्टर बसलेत, बँकेतून निवृत्त झालेले साहेब बसलेत, साखर कारखान्यातले केमिस्ट आहेत, दोघं तर परदेशातून खास आलेत. त्यांच्या मध्ये एका पेंटरला बोलायला उभं केलं, त्या अर्थी ज्यानं कार्यक्रमपत्रिका ठरवली त्याच्या दुकानाची पाटी मीच रंगवलेली असणार.

चाळीस वर्षं मी अक्षरं लिहितोय. किराणा दुकानाची पाटी, ट्रॉलीच्या फाळक्यावर मालकाचं नाव, दूध संस्थेचा दरफलक, ग्रामपंचायतीची भिंत, देवळातल्या देणगीदारांची यादी. गावात आलेल्या माणसाला गावानं जे जे वाचायला दिलं, त्यातलं पुष्कळसं माझ्या हातचं होतं.

माझं तुमच्याकडे एक मागणं आहे. ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटी कुणी दचकणार नाही. आपल्या तुकडीनं शाळेला भेट द्यायचं ठरवलंय. फाटकावर दिव्यांचा नवा बोर्ड, आणि जिन्याजवळच्या गुणवंत विद्यार्थ्यांच्या रंगवलेल्या फळ्या काढून त्यांच्या जागी एक मोठा छापील फलक. भेट द्यावीच. पण ती कशी द्यावी याबद्दल मला बोलायचं आहे. त्यासाठी आधी आमचा धंदा काय असतो ते ऐका.

माझी सुरुवात याच शाळेत झाली. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांत अक्षरलेखन असायचं, तुम्हाला आठवत असेल. तुमच्यापैकी बहुतेकांना तो कंटाळा वाटायचा. पट्टीनं चौकोन आखा, त्यात अक्षर बसवा, मग रंग भरा. मला त्यात गोडी लागली. आपले चित्रकलेचे सर म्हणाले, हात बरा आहे, कोल्हापूरला जा. कोल्हापूर म्हणजे कलामहर्षी बाबूराव पेंटरांचं गाव. त्यांचं मूळ आडनाव मेस्त्री, पण लोकांनी कामावरून नाव दिलं आणि तेच इतिहासात राहिलं. आमच्या भागात अजूनही तसंच आहे. माझं आडनाव किती जणांना माहीत आहे, हात वर करा. बघा, पाच-सहाच. बाकीच्यांच्या मोबाइलमध्ये मी 'पेंटर' म्हणून आहे.

कोल्हापूरला सिनेमाचे बॅनर आणि दुकानांचे बोर्ड करणारे एक वस्ताद होते, त्यांच्याकडे राहिलो. पहिले काही महिने ब्रशला हात लावायला मिळाला नाही. पत्रा घासायचा, रेड ऑक्साइडचा हात द्यायचा, तो वाळला की वर पांढरा किंवा पिवळा इनॅमल, पुन्हा रात्रभर वाळू द्यायचा. टर्पेंटाइनमध्ये ब्रश धुवायचे. मग दोरी मारायला शिकलो. दोरीला खडूची भुकटी लावायची, दोन टोकं दोघांनी धरायची, मधे ओढून सोडायची. टक्क असा आवाज येतो आणि पत्र्यावर सरळ पांढरी रेघ उमटते. त्यानंतर पुष्कळ दिवस फक्त उभे दंड. वस्ताद म्हणायचे, दंड सरळ आला की अर्धी मराठी आली.

त्यांचं म्हणणं खरं आहे. क, ख, ग, घ, च, प, म, य, स, सगळ्यांना दंड आहे. पण उरलेली अर्धी मराठी अवघड.

एक पाटी समोर ठेवून सांगतो. समजा पाटी दोन फूट उंच आहे. तुम्हाला वाटेल, मोठ्ठं दीड फुटाचं अक्षर काढू. काढता येत नाही. आपल्या लिपीला तीन मजले आहेत. शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार. खाली उकार आणि ऋकार. मधे अक्षराचं अंग. म्हणून अंगाला एक फूट, वर सहा इंच, खाली सहा इंच. आता मजकूर वाचायचा. खाली उकार येतच नसेल तर खालचे सहा इंच कशाला ठेवायचे? ते अंगाला द्यायचे. 'सागर' लिहायचं असेल तर वरही काही नाही, खालीही काही नाही, सगळी पाटी तुमची. आणि 'पूर्णिमा' लिहायचं असेल तर तिन्ही मजले भरलेले. म्हणजे खडू हातात घ्यायच्या आधी शब्द वाचावा लागतो.

दुसरी गोष्ट अंतराची. दोन अक्षरांत पट्टीनं सारखं अंतर ठेवलं तर ते सारखं दिसत नाही. 'र' आणि 'ट' शेजारी आले की मधे पांढरी जागा फार पडते, 'म' आणि 'स' शेजारी आले की कोंडल्यासारखे होतात. मोजायची असते ती अक्षरांमधली पांढरी जागा, आणि ती डोळ्यानंच मोजायची असते. 'ठ'चं गोल पोट रेघेवर बरोब्बर टेकवलं तर ते आखूड दिसतं, म्हणून किंचित खाली उतरवायचं. सावली उजवीकडे टाकायची असेल तर अंतर आणखी वाढवायचं, कारण आपले दंड उजव्या बाजूला असतात आणि सावली पुढच्या अक्षराच्या पोटात शिरते.

तिसरी गोष्ट लांबीची. पाटी कुठून वाचली जाणार? दहा फुटांवरून निवांत वाचायचं असेल तर एक इंच अक्षर, शंभर फुटांवरून तर दहा इंच, हा आमचा ढोबळ हिशोब. जोडाक्षरं जास्त असली की मी त्याच्या दीडपट धरतो. एसटीच्या पाटीवर हे सगळं शिकायला मिळतं. 1 जून 1948 ला पुणे ते अहमदनगर अशी पहिली एसटी धावली. तेव्हापासून आपल्या लोकांनी किती पाट्या धुळीतून आणि पावसातून ओळखल्या असतील! स्टँडवर लांबून अक्षरं दिसत नाहीत, शब्दाचा आकार दिसतो. पंढरपूरच्या डोक्यावरचा ठिपका आणि पोटाखालचा उकार दिसला की आजी पिशवी उचलते. तिला लिहिता-वाचता येत नसलं तरी चालतं.

आता चौथी गोष्ट. माझ्या मते आमच्या धंद्याचा जीव हिच्यातच आहे. ती म्हणजे चूक पकडणं.

'ध' आणि 'भ' यांच्या डोक्यावर शिरोरेषा सलग नसते, तिथे फट ठेवायची असते. घाईत रेघ सरळ मारत नेली की 'धान्य भांडार'चं 'घान्य मांडार' होतं आणि 'भोजनालया'चं 'मोजनालय'. म्हणून मी शिरोरेषा खडूनं आधी आखतो, पण रंगानं सगळ्यात शेवटी मारतो, प्रत्येक फटीशी थांबत. 'ख'चं तसंच. जुन्या वळणाच्या 'ख'मध्ये 'र' आणि 'व' सुटे असायचे. ते खाली जोडले नाहीत तर 'दवाखाना' लांबून 'दवारवाना' दिसतो.

मग शुद्धलेखन. गिऱ्हाईक मजकूर आणतं ते सिगारेटच्या पाकिटावर नाहीतर तोंडी. 'उपहारगृह' लिहा म्हणतं. उपहार म्हणजे भेटवस्तू. खायला मिळतं ते 'उपाहारगृह'. 'शुद्ध शाकाहारी' मधला 'द्ध' उलटा करून 'ध्द' लिहितात. 'आशीर्वाद' मधला रफार 'शी'वर नेऊन ठेवतात. माझी शंका असली की मी सायकल काढून आपल्या मराठीच्या बाईंच्या घरी जायचो. बाई इथे बसल्यात. बाई, तुम्ही शाळेतून निवृत्त झालात, पण या गावाच्या पाट्या तुम्ही पुढे पुष्कळ वर्षं तपासल्यात, आणि त्याचा पगार तुम्हाला कुणी दिला नाही. चहा मात्र तुम्हीच मला पाजलात.

सांगायचं एवढंच, की भिंतीवर अक्षर चढण्याआधी त्याच्याकडे बघणारा एक माणूस असायचा. तो सावकाश काम करायचा, एका अक्षराला दहा मिनिटं द्यायचा, त्यामुळे चूक त्याच्या हाताला लागायचीच.

मग दिवस बदलले. शेषन साहेब निवडणूक आयुक्त झाले आणि निवडणुकीच्या भिंती आटल्या. चुन्याच्या भिंतीवर गेरू आणि निळीनं चिन्हं काढायचे ते हंगाम गेले. 1995 मध्ये राज्यात मालमत्ता विद्रूप करण्याविरुद्ध कायदा आला. त्या दोन्ही गोष्टी योग्यच झाल्या, कुणाच्याही घराच्या भिंतीवर न विचारता लिहिणं काही चांगलं नव्हतं. पुढे फ्लेक्स आला. तीन दिवसांची पाटी अर्ध्या तासात, तीही फोटोसकट. 1 एप्रिल 2019 पासून नव्या गाड्यांना कंपनीकडूनच सुरक्षा नंबरप्लेट यायला लागली आणि रोजचं ते किरकोळ काम थांबलं. माझ्याबरोबर शिकलेले काही जण रंगकामाच्या ठेक्यावर गेले, एकानं रिक्षा घेतली, एक जण रसवंती चालवतो.

मी काय केलं? मी फ्लेक्सचं दुकान काढलं. मुलगा संगणकावर बसतो, मी शेजारी स्टुलावर. त्यामुळे मी काही यंत्राच्या नावानं बोटं मोडायला इथे उभा राहिलेलो नाही. आमचं घर त्यावर चालतं. संगणकातलं अक्षरही कुणीतरी हातानंच घडवलेलं असतं. विंडोजमधला 'मंगल' हा देवनागरी टंक प्राध्यापक र. कृ. जोशी यांनी केला. ते आधी सुलेखनकार होते, मग संगणकाकडे वळले. आणि कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींत केलेली शीर्षकं आम्ही पेपरातून कापून वहीत चिकटवायचो. नाटक न बघता नुसत्या अक्षरावरून त्याचा स्वभाव कळायचा. छपाई वाईट आणि हात चांगला असं काही मी म्हणत नाही.

अडचण वेगळी आहे. दुकानात गिऱ्हाईक उभं असतं, घाई असते. नाव छोटं पडलं की ऑपरेटर ते माऊसनं धरून बाजूला ओढतो. ओढलं की उभे दंड जाड होतात, आडवी शिरोरेषा आहे तेवढीच बारीक राहते, अक्षर सुजल्यासारखं दिसतं. पेंटर जागा भरताना दंड जाड करत नाही, पोटं रुंद करतो आणि अंतर वाढवतो. संगणकालाही ते करता येतं, पण करायचं कुणाच्या डोक्यात तरी यावं लागतं. आमच्या स्टुलावर मी बसलेला आहे म्हणून आमच्याकडे येतं. मी उठलो की कोण बसणार, हा माझा प्रश्न आहे.

आणखी एक उदाहरण देतो, कारण ते आपल्या शाळेच्या नावातच आहे. 'शाळा' शब्दात 'श' आहे आणि 'विद्यालय' शब्दात 'ल'. या दोन अक्षरांचं आपलं मराठी वळण वेगळं आहे. आपला 'ल' दोन पाकळ्यांचा, आपल्या 'श'ला देठ. हिंदीत 'ल'ला उभा दंड असतो आणि 'श'ला गाठ. महाराष्ट्र शासनानं 6 नोव्हेंबर 2009 च्या निर्णयात मराठीसाठी पाकळीयुक्त 'ल' आणि देठयुक्त 'श' असं स्पष्ट सांगितलेलं आहे. पण संगणकाच्या लेखी दोन्ही वळणं म्हणजे एकच अक्षर. कुठलं दिसणार ते टंकावर अवलंबून, आणि पुष्कळ टंकांत न सांगता हिंदी वळणच येतं. पहिलीतलं पोर बाईंकडून एक 'ल' शिकतं आणि रस्त्यावर दुसरा वाचतं.

2022 मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन सगळ्या दुकानांना मराठी पाटी सक्तीची झाली, मराठी अक्षर दुसऱ्या लिपीपेक्षा लहान नको असंही ठरलं. सप्टेंबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली. मला फार आनंद झाला, कामही वाढलं. पण कायदा अक्षराचा आकार मोजू शकतो. 'उपहारगृह' लिहिलं, 'शुध्द' लिहिलं, तर ते बघायला माणूसच लागतो.

आता फळ्यांबद्दल.

जिन्याजवळच्या त्या काळ्या फळ्या तुम्ही काल सगळ्यांनी बघितल्या, आपापलं नाव शोधलं, फोटो काढले. मी त्या वेगळ्या नजरेनं बघतो. पहिल्या फळीवरचा हात कुणा जुन्या पेंटरचा आहे. त्याचे आकडे उंच आणि बारीक, हात अगदी स्थिर. दुसरा हात आपल्या चित्रकलेच्या सरांचा. त्यांची वेलांटी छत्रीसारखी भरदार असते, लगेच ओळखू येते. तिसरा माझा. त्यानंतर फळी भरली आणि शेवटच्या काही वर्षांची नावं फ्लेक्सवर आली. तो फ्लेक्स आताच इतका उडालाय की दोन नावं वाचता येत नाहीत. त्याच्या शेजारी, त्याच जिन्यात, सरांनी लिहिलेलं नाव अजून स्वच्छ आहे.

छापील फलक करताना ही सगळी नावं कुणीतरी नव्यानं टाइप करणार. जुनी नावं, अवघड आडनावं, जोडाक्षरं, रफार. किती चुका होतील ते मी रोज दुकानात बघतो. आणि ज्याचं नाव चुकलं तो तक्रार करायला इथे असेलच असं नाही.

एक गोष्ट सांगतो. पुष्कळ वर्षांपूर्वी मी फळीवर एका मुलीचं नाव लिहीत होतो. तिचे वडील शेतमजूर, बाजाराला आलेले, बघायला थांबले. त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी विचारलं, यातलं आमचं कुठलं? मी म्हटलं, वरून चौथी ओळ. पुढे कित्येक बाजारांना ते शाळेत डोकावायचे, सोबत कुणी पाहुणा असायचा. फळीपाशी उभं राहून वरून चार ओळी मोजायचे आणि बोट ठेवायचे. आता ते नाहीत. मुलगी नर्स आहे, तिच्या मुलांना ती चौथी ओळ माहीत आहे. नव्या फलकावर नाव असेल, पण ती ओळ तिथे असणार नाही.

म्हणून माझं मागणं तीन भागांत आहे.

पहिलं, जुन्या फळ्या काढू नका. त्यांना नवी चौकट करा, मऊ फडक्यानं पुसून वार्निशचा हात द्या. जिथे रंग उडालाय तिथे ज्या त्या हाताच्या वळणानंच मी तो भरून देईन. सरांची वेलांटी सरांसारखीच काढीन. शेजारी एक नवी लाकडी फळी लावा, फ्लेक्सवरची नावं मी तिच्यावर उतरवतो. मजुरी नको. लाकूड, रंग आणि ब्रश तुकडीच्या निधीतून द्या.

दुसरं, फाटकावरचा दिव्यांचा बोर्ड जरूर करा. रात्री दिसेल, बाहेरगावच्या पालकांना शाळा सापडेल. फक्त अक्षरं कुणाच्या संगणकातली तयार उचलू नका. मी पूर्ण मापाचं रेखाटन कागदावर करून देतो, यंत्र त्यावरून कापेल. पाकळीचा 'ल', देठाचा 'श', आणि समोरच्या रस्त्यावरून धावत्या गाडीतून वाचता येईल एवढं अंतर. रेखाटन बाईंनी तपासल्याशिवाय कारखान्यात जाणार नाही.

तिसरं, मुख्याध्यापकांना विनंती आहे. आठवी-नववीच्या मुलांसाठी शनिवारी शाळा सुटल्यावर मला दोन तास आणि एक भिंत द्या. मी त्यांना पेंटर करणार नाही, त्यात आता पोट भरत नाही, हे मी त्यांच्या आईवडिलांना आधीच सांगेन. त्यांना दोरी मारायला शिकवीन, दंड काढायला शिकवीन, दोन अक्षरांमधली पांढरी जागा बघायला शिकवीन. उद्या त्यांतलं कुणी फ्लेक्सच्या दुकानात बसेल, कुणी मोबाइलवर जाहिरात करेल, कुणी नगरपालिकेत पाट्यांची ऑर्डर देईल. तिथे 'उपहारगृह' समोर आलं की त्याची मान क्षणभर तिरकी झाली पाहिजे. तेवढं झालं तरी मला पुरे.

समितीची बैठक उद्या सकाळी दहाला चित्रकलेच्या वर्गात आहे. फळ्यांची मापं आणि लाकडाचा अंदाजखर्च मी लिहून आणलाय. ज्यांना वेळ आहे त्यांनी यावं. सर, बाई, तुम्ही दोघांनी तर यावंच.